पडद्यावरील चेंडू कोणाचा ?

विटी-दांडूचा खेळ प्रथम कोणीं काढला हें कोणास ठाऊक नाहीं, आणि तें ठाऊक करून घेण्याची निकडही कोणास कधीं भासली नाहीं. सोंगट्यांचा पट ज्यानें पहिल्यानें मांडला, त्याचे वारस आपला हक्क सांगावयास न्यायमंदिरांत उभे राहिल्याचें ऐकिवांत नाहीं. विटी सुताराकडून छिलून घेतां येते, पट घरीं शिवतां येतो, आणि नियम तर पाहून पाहूनच कळतात. परंतु खेळ जेव्हां यंत्राच्या पेटींत शिरला, आणि पेटीच्या फटींत नाणें टाकल्यावांचून तो खेळतां येईनासा झाला, तेव्हां खेळालाही मालक उत्पन्न झाला. आणि मालकामागोमाग वकील आले. पडद्यावर इकडून तिकडे उड्या मारणारा प्रकाशाचा चेंडू कोणाचा, या प्रश्नाचा खल १९७४ पासून १९९२ पर्यंत अमेरिकेच्या न्यायालयांत चालला. त्या वादाची ही हकीगत आहे.

इंग्रजींत 'आर्केड' या शब्दाचा मूळ अर्थ कमानींच्या ओळीखालून जाणारी वाट असा आहे. अशा वाटेवर दुकानें थाटलीं गेलीं, दुकानांत करमणुकीचीं यंत्रें आलीं, आणि कालांतरानें नाणें टाकून खेळावयाच्या यंत्रांचें दालन तेंच 'आर्केड' ठरलें. तेथील व्हिडिओ खेळाचें यंत्र म्हणजे पुरुषभर उंचीचें एक कपाट. त्यांत दूरचित्रवाणीची कांच, तिच्याखालीं मुठी व कळा, आणि त्यांच्याखालीं नाण्याची फट. पाव डॉलर टाकला कीं डाव सुरू होई. मालकाचें सारें उत्पन्न एका नाजूक तोलावर अवलंबून असे: खेळणारा लवकर हरला पाहिजे, परंतु हरल्याचा राग न येतां पुन्हा खिशांत हात घालण्याची ईर्ष्या त्यास झाली पाहिजे.

पेटी जन्मण्यापूर्वींच तिच्यांतील खेळ जन्मास आला होता. १९६२ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत स्टीव्ह रसेल व त्याचे सोबती यांनीं पीडीपी-१ नांवाच्या संगणकावर 'स्पेसवॉर' हा खेळ रचला. दोन अग्निबाण एका ताऱ्याभोंवतीं फिरत परस्परांवर मारा करीत, असें त्याचें स्वरूप होतें. त्या संगणकाची किंमत सुमारें १,२०,००० डॉलर होती. पाव डॉलराला एक डाव, या दरानें केवळ यंत्राचें मुद्दल फिटण्यासच ४,८०,००० डाव व्हावे लागले असते! तेव्हां विक्रीचा विचार त्या तरुणांच्या मनांत न आला तर नवल नाहीं. त्यांनीं खेळावर कोणताही हक्क सांगितला नाहीं. जेथें जेथें तो संगणक होता, तेथें तेथें खेळ फुकट पोंचला. तो पाहणाऱ्यांत नोलन बुशनेल नांवाचा एक तरुण अभियंता होता. विद्यार्थिदशेंत त्यानें युटा संस्थानांतील एका करमणूक-उद्यानांत काम केलें होतें; त्यामुळें विज्ञानाइतकाच त्याला जत्रेचा हिशेबही कळत होता. टेड डॅबनी या सोबत्याच्या साहाय्यानें त्यानें संगणक वगळून साध्या विद्युन्मंडलांवर तोच खेळ बसविला, आणि १९७१ सालीं नटिंग असोसिएट्स या कंपनीनें 'कंप्युटर स्पेस' या नांवानें तो बाजारांत आणला. नाणें टाकून खेळावयाचा, विक्रीसाठीं तयार झालेला हा पहिला व्हिडिओ खेळ होय. मात्र सामान्य माणसास तो अवघड वाटला, आणि त्याचा खप बेताचाच राहिला.

इकडे दुसऱ्या टोकास, न्यू हॅम्पशायर संस्थानांत, राल्फ बेअर हा अभियंता निराळ्याच मार्गानें याच ठिकाणीं येत होता. बेअर हा १९२२ सालीं जर्मनींत जन्मलेला ज्यू. हिटलरच्या राजवटीचा जाच असह्य होऊन त्याचें कुटुंब १९३८ सालीं अमेरिकेस निघून आलें. पुढें तो सँडर्स असोसिएट्स या लष्करी उपकरणें करणाऱ्या कंपनींत नोकरीस लागला. १९६६ च्या ऑगस्टअखेर न्यूयॉर्क शहरांत मोटार-बसच्या स्थानकाबाहेर एका सहकाऱ्याची वाट पाहत असतां त्याच्या मनांत असा विचार आला कीं, लक्षावधि घरांत दूरचित्रवाणीचा संच आहे आणि त्याच्याकडे नुसतें पाहत बसण्याखेरीज घरच्या माणसांना कांहीं करतां येत नाहीं. त्या कांचेवर खेळ कां खेळतां येऊं नये? १ सप्टेंबर १९६६ रोजीं त्यानें चार पानांचें एक टिपण लिहिलें, आणि त्यावर तारीख घालून साक्षीची सही घेतली. पुढें बिल हॅरिसन व बिल रश या सहकाऱ्यांसह त्यानें एकामागून एक नमुने केले. १९६८ चा नमुना लांकडासारख्या दिसणाऱ्या कागदानें मढविलेला असल्यामुळें 'तपकिरी पेटी' या नांवानें प्रसिद्ध झाला; तो आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संग्रहालयाच्या मालकीचा आहे. टिपणवहीच्या प्रत्येक पानावर तारीख घालण्याची संवय कित्येकांना कारकुनी वाटते. बेअरला व त्याच्या मालकांना तिनें पुढें काय मिळवून दिलें, तें लवकरच ध्यानांत येईल.

सँडर्सकडून या शोधाचा परवाना मॅग्नाव्हॉक्स या कंपनीनें घेतला आणि १९७२ सालीं 'ओडिसी' नांवाचा घरगुती संच विकावयास काढला. त्यांत पडद्यावर कांहीं प्रकाशाचे चौकोनी ठिपके व एक उभी रेघ एवढेंच उमटे. आवाज नाहीं, गुणांची मोजदाद नाहीं. मैदान किंवा जाळी दिसावी म्हणून रंगीत पारदर्शक पत्रा कांचेवर चिकटवावयाचा, आणि गुण कागदावर टिपून ठेवावयाचे. तथापि त्या ठिपक्यांतले दोन खेळणाऱ्यांच्या हुकुमांत होते, तिसरा त्यांना आदळून परत फिरे, आणि हा सर्व टेबल-टेनिसचा खेळ होता.

२४ मे १९७२ रोजीं कॅलिफोर्नियांतील बर्लिंगेम गांवीं मॅग्नाव्हॉक्सनें आपल्या मालाचें प्रदर्शन मांडलें. आलेल्या पाहुण्यांसाठीं दाराशीं एक वही ठेवली होती. बुशनेल आला, त्यानें वहींत सही केली, आंत जाऊन टेबल-टेनिस खेळून पाहिला, आणि परत गेला. पुढच्याच महिन्यांत त्यानें व डॅबनीनें 'अटारी' ही कंपनी नोंदविली. 'अटारी' हा गो नांवाच्या जपानी पटाच्या खेळांतला शब्द. बुद्धिबळांत 'शह' म्हणावा, तसा त्याचा उपयोग. ॲलन अलकॉर्न नांवाच्या तरुण अभियंत्यास नोकरीस घेऊन बुशनेलनें त्यास पहिलें काम दिलें तें टेबल-टेनिसचा खेळ रचण्याचें. जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून मागणी आली आहे, असें त्यानें अलकॉर्नला सांगितलें. वस्तुतः अशी मागणी मुळींच नव्हती, नवशिक्याचा हात बसावा एवढाच हेतु होता.

परंतु अलकॉर्न कामापुरतें काम करणारा नव्हता. फळीच्या कोणत्या भागावर चेंडू लागतो त्याप्रमाणें तो निरनिराळ्या कोनांत उडावा, डाव लांबला कीं त्याची गति वाढावी, गुण पडद्यावरच दिसावेत, आणि फळीवर चेंडू लागतांच 'टक्' असा आवाज व्हावा, अशी योजना त्यानें केली. ओडिसींतील निर्जीव ठिपक्याला यामुळें प्राण आला. 'पाँग' असें त्याचें नांव पडलें. पहिली पेटी सनीव्हेल गांवच्या एका मद्यगृहांत ठेवली. थोड्याच दिवसांत ती बंद पडल्याची तक्रार आली. अलकॉर्न दुरुस्तीस गेला तों यंत्रांत कांहीं बिघाड नव्हता, नाणीं सांठविण्याचें भांडें भरून वाहत होतें व पुढचें नाणें आंत जाईना, एवढेंच. १९७२ च्या नोव्हेंबरांत 'पाँग' रीतसर विक्रीस निघाला.

मॅग्नाव्हॉक्स व सँडर्स यांनीं १९७४ सालीं अटारी व इतर उत्पादकांवर खटले भरले. त्यांच्या हातांत होतें तें पेटंट. पेटंट म्हणजे नव्या युक्तीवर शोधकास मिळालेला मुदतीचा मक्ता: युक्ति जगाला उघड करून सांगावयाची, आणि मोबदल्यांत मुदत संपेपर्यंत दुसऱ्या कोणीं परवानगीवांचून ती वापरावयाची नाहीं. खेळणाऱ्याच्या मुठीनें हलणारें एक चिन्ह दुसऱ्या चिन्हाला लागावें, आणि त्या आघातानें दुसऱ्याची गति बदलावी, ही ती युक्ति. बुशनेलचें म्हणणें, ओडिसी त्याला नीरस वाटली व त्याचा खेळ सरस होता. तो सरस होता याबद्दल वादच नव्हता. कोर्टापुढचा प्रश्न 'आधीं कोणाचा' हा होता, आणि तेथें तारखा घातलेल्या टिपणवह्या एका बाजूस व पाहुण्यांच्या वहींतली ती सही दुसऱ्या बाजूस, असा पुरावा वादींस आयताच लाभला. १९७६ च्या जूनमध्यें अटारीनें तडजोड केली आणि १५ लाख डॉलर देऊन परवाना घेतला. उरलेल्या प्रतिवादींविरुद्ध शिकागो येथील न्यायाधीश जॉन ग्रेडी यांनीं १० जानेवारी १९७७ रोजीं निकाल दिला. त्यांत बेअरच्या पेटंटास त्यांनीं या कलेंतील आद्य पेटंटाचा मान दिला. पुढील वीसएक वर्षांत या पेटंटांच्या जोरावर दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम वसूल झाली.

गंमत अशी कीं, प्रतिवादी म्हणून उभी राहिलेली अटारी स्वतःही नकलांनीं बेजार झाली होती. १९७३ सालाच्या आंतच अमेरिकेंत ठिकठिकाणीं 'पाँग'च्या प्रतिकृति निघाल्या. जपानांत तैतो व सेगा यांनींही त्या काढल्या. अटारीच्या ८,००० हून अधिक पेट्या विकल्या गेल्या, पण बाजारांतील चेंडूफळीच्या बहुसंख्य पेट्या दुसऱ्यांच्याच होत्या. पुढें पेट्यांत साध्या मंडलांऐवजीं संगणकाची आज्ञावली आली, चित्रें विविध झालीं, आणि नकलेविरुद्ध एक दुसरेंच शस्त्र उत्पादकांना सांपडलें. हें शस्त्र म्हणजे ग्रंथकाराचा, नाटककाराचा, चित्रकाराचा जो स्वामित्वहक्क, तोच. पेटंट युक्तीचें रक्षण करतें. स्वामित्वहक्क कल्पनेचें रक्षण करीत नाहीं, ती ज्या रूपानें मांडली त्या रूपाचें करतो. पटावर फांसे टाकून सोंगट्या घरीं न्यावयाच्या, ही कल्पना सर्वांची. परंतु एखाद्या कारागिरानें वेलबुट्टी काढून रंगविलेला पट त्याचा. खेळांत कल्पना कोठें संपते आणि रूप कोठें सुरू होतें, येथेंच खरी मेख होती.

१९८१ सालीं मेरीलँडच्या न्यायालयांत अटारी वादी होऊन उभी राहिली. तिच्या 'ॲस्टरॉइड्स' या १९७९ च्या खेळांत अंतराळांतील शिळांच्या वर्षावांतून एक लहान यान वाट काढतें. मोठी शिळा फोडली कीं तिचे लहान तुकडे होतात. एका लहानशा कंपनीनें 'मिटिऑर्स' नांवाचा असाच खेळ काढला होता. न्यायाधीशांनीं साम्यें मोजलीं. तीं २२ भरलीं! तरीही निकाल अटारीविरुद्ध गेला. शिळांच्या वर्षावांत सांपडलेलें यान ही कल्पना एकदां घेतली, म्हणजे शिळा फुटणारच, यान वळणारच व गोळे सुटणारच. हीं साम्यें कल्पनेच्या पोटांतूनच निघतात, असें त्यांनीं ठरविलें. पुढच्याच वर्षीं शिकागोच्या अपील कोर्टानें मात्र उलट बाजूस तोल दिला. जपानी नाम्को कंपनीच्या तोरू इवातानी यानें १९८० सालीं रचलेला 'पॅक-मॅन' हा खेळ, आणि घरगुती संचासाठीं निघालेला 'के. सी. मंचकिन' हा त्याच्या वळणावरचा खेळ, यांतील तो वाद होता. चक्रव्यूह व त्यांतील टिपावयाचे ठिपके कोणीही योजावे, परंतु उघडझांप करणारें तें गोल तोंड व पाठलाग करणारीं तीं भुतें यांचें रूप घेतां येणार नाहीं, असें कोर्ट म्हणालें. दोन्ही निकाल शेजारीं ठेवले तर रेषा सरळ दिसत नाहीं. किंबहुना 'ॲस्टरॉइड्स'च्या रचनाकारांवर थोडा अन्यायच झाला असें म्हणावयास जागा आहे; साधेपणा साधणें हीही एक रचनाच असते.

या सर्व वादांत बुद्धीस चालना देणारा खटला 'स्क्रँबल'चा. जपानच्या कोनामी कंपनीचा हा खेळ. डोंगरदऱ्यांवरून यान उडवावयाचें, इंधनाचे सांठे टिपावयाचे. १९८१ च्या जानेवारींत लंडनच्या प्रदर्शनांत तो प्रथम दिसला, आणि मार्चमध्यें स्टर्न कंपनीनें अमेरिकेंत विकावयास काढला. दोन महिन्यांत सुमारें १०,००० पेट्या, दर पेटीस अदमासें २,००० डॉलर या दरानें, विकल्या गेल्या. एप्रिलमध्येंच ओम्नी नांवाच्या कंपनीनें नांवासकट तोच खेळ कमी किंमतींत आणला. हें नांव आमचेंच, हें दाखविण्यासाठीं ओम्नीच्या चालकानें डिसेंबर १९८० मध्यें 'स्क्रँबल' अक्षरांच्या दहा पाट्या रंगवून घेतल्या होत्या. पण ही तजवीज न्यायाधीशांना सचोटीची वाटली नाहीं.

ओम्नीचा कायद्याचा बचाव मात्र खरोखर विचार करण्याजोगा होता. स्वामित्वहक्क मिळावयास कृति स्थिर झालेली असावी लागते. पुस्तक छापलें कीं स्थिर झालें. चित्रपट फितीवर उतरला कीं स्थिर झाला. परंतु या खेळांत पडद्यावर काय दिसेल तें दर डावास निराळें. खेळणारा मूठ फिरवील तसें यान जाईल, तो चुकेल तेथें तें आपटेल. मग ही कृति स्थिर कशी? आणि घडत्या चित्राचा कर्ता कोण, पेटी करणारा कीं खेळणारा? न्यूयॉर्कच्या अपील कोर्टानें १९८२ च्या जानेवारींत याचें उत्तर दिलें. खेळणारा कांहींही करो, यानाचा आकार, डोंगरांची रूपरेषा, प्रसंगांचा क्रम व आवाज हीं पुनःपुन्हा तींच येतात. तीं स्मृतीच्या चिपांत कायम वसलेलीं आहेत. आणि एवढें स्थैर्य हक्कास पुरेसें आहे. तबलजीनें लय वाढविली म्हणून पदाचा कर्ता कांहीं तो होत नाहीं, तशांतलाच हा न्याय. स्टर्ननें हक्क नोंदविला तोही आज्ञावलीचा नव्हे, तर चित्र व आवाज यांचा. कारण निराळी आज्ञावली लिहूनही तेंच दृश्य उमटवितां येतें, हें त्या लोकांनीं ओळखलें होतें.

आज्ञावलीचीच सरसकट उचल करणारेही कमी नव्हते. विल्यम्स कंपनीच्या 'डिफेंडर' या खेळाची 'डिफेन्स कमांड' ही नक्कल आर्टिक नांवाच्या कंपनीनें विकली. चिपांतील मजकूर ताडून पाहिला, तेव्हां मूळ आज्ञावलींतील चुकासुद्धां जशाच्या तशा उतरल्या होत्या. इतकेंच नव्हे, तर विल्यम्सच्या हक्काची १९८० सालची सूचनाही आंत तशीच राहिली होती, आणि उच्चांकांच्या यादींत विल्यम्सच्याच अध्यक्षाचीं व नोकरांचीं आद्याक्षरें झळकत होतीं! शेजाऱ्याचा पेपर उतरवितांना त्याचें नांवही उतरवून घेणारा विद्यार्थी प्रत्येक परीक्षकास ठाऊक असतो. चिप हें यंत्राचें अंग आहे, माणसानें वाचावयाची प्रत नव्हे, हा आर्टिकचा युक्तिवाद अपील कोर्टानें ऑगस्ट १९८२ मध्यें फेटाळला. त्याच डिसेंबरांत तोक्यो येथील न्यायालयानेंही 'स्पेस इन्व्हेडर्स'च्या दुसऱ्या भागाविषयींच्या खटल्यांत आज्ञावली ही संरक्षणास पात्र कृति मानली. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यांत १९८४ सालीं दुरुस्ती होऊन संगणकाच्या आज्ञावलीस वाङ्मयीन कृतींच्या सदरांत स्थान मिळालें.

नक्कल न करितां मूळ पेटींत भर घालणाऱ्यांचा प्रश्न आणखी निराळा. हात बसलेल्या खेळाडूस जुना खेळ सोपा वाटूं लागे. एका नाण्यांत तो तासभर खेळे आणि मालकाचें उत्पन्न बुडे. तेव्हां 'गॅलॅक्सियन' या खेळाची गति वाढविणारें मंडल आर्टिकनेंच विकावयास काढलें. पेटी विकत घेतलेली, मंडल वरून जोडलेलें. येथें चोरी कोठें? तरीही १९८३ सालीं, वेग वाढविलेला खेळ ही मूळ कृतीवरून केलेली नवी कृति होय व तीस मालकाची संमति हवी, असें अपील कोर्टानें ठरविलें. निकालास तर्क आहे. परंतु स्वखर्चानें घेतलेल्या वस्तूंत फेरफार करण्याचा माणसाचा हक्क यानें बराच आंखडला, हें नाकारतां येत नाहीं.

याच जातीचा धंदा मॅसॅच्युसेट्समधील त्याच संस्थेच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं केला. अटारीच्या 'मिसाइल कमांड' या खेळास जोडावयाचा संच त्यांनीं १९८१ सालीं विकावयास काढला, तों अटारीनें दीड कोटी डॉलरांचा दावा लावला. मुलें डगमगलीं नाहींत. अखेर अटारीनें दावा सोडून देऊन त्यांनाच कामावर घेतलें. अट एवढीच कीं, मूळ उत्पादकाच्या संमतीवांचून असे संच विकावयाचे नाहींत. त्यांच्याजवळ 'पॅक-मॅन'साठीं केलेला एक संच तयार होता. अट पाळावयाची म्हणून तो घेऊन ते थेट 'पॅक-मॅन'ची अमेरिकन हक्कदार मिडवे कंपनी हिच्याकडे गेले. मिडवेनें तो उचलून धरला, आणि १९८२ सालीं तोच 'मिस पॅक-मॅन' होऊन बाहेर पडला. अमेरिकेंतील सर्वांत लोकप्रिय पेट्यांत त्याची गणना होते.

एवढे निकाल झाल्यावरही अटारीच्या वारसदार कंपनीस आपल्या 'ब्रेकआउट' या १९७६ च्या खेळाचा हक्क नोंदवितांना पांच वर्षें झगडावें लागलें. भिंतींतील विटा चेंडूनें फोडावयाच्या, असा तो खेळ. त्याचा पहिला नमुना स्टीव्ह जॉब्स व स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनीं केला होता. १९८७ सालीं हक्कनोंदणीचे अधिकारी राल्फ ओमन यांच्या कचेरीनें उत्तर दिलें कीं, यांत सरळ रेघा, चौकोन व रंग यांपलीकडे कांहीं नाहीं. अपील कोर्टाच्या न्यायाधीश रूथ बेडर गिन्सबर्ग यांनीं १९८९ सालीं प्रकरण परत पाठविलें. कचेरीनें पुन्हा नकार दिला. आणि १९९२ सालीं गिन्सबर्गबाईंनीं तो नकारही रद्द केला. घटक कितीही साधे असोत, त्यांची निवड व मांडणी यांत थोडी जरी स्वतंत्र बुद्धि असली तरी ती पुरे, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता.

आतां त्या पहिल्या चेंडूकडे वळलें पाहिजे. सँडर्सच्या पेटंटांना धक्का देण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. १९८५ सालीं निन्टेंडो या जपानी कंपनीनें एक जुनाच दाखला पुढें आणला. १९५८ च्या ऑक्टोबरांत, म्हणजे बेअरच्या टिपणापूर्वीं जवळजवळ आठ वर्षें, न्यूयॉर्क संस्थानांतील ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेंत पाहुण्यांच्या दिवसासाठीं विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञानें ऑसिलोस्कोप या मापनयंत्राच्या लहानशा वाटोळ्या कांचेवर टेनिसचा खेळ दाखविला होता. बाजूनें पाहिलेलें मैदान, मध्यें जाळें, आणि वरून जाणारा उजेडाचा ठिपका. तो खेळण्यासाठीं लोकांनीं रांग लावली होती. परंतु मापनयंत्राच्या कांचेवर दूरचित्रवाणीचा संकेत वापरलेला नव्हता, सबब तो व्हिडिओ खेळच नव्हे, असें कोर्टानें ठरविलें, आणि पेटंटें अबाधित राहिलीं.

हिगिनबॉथमनें कधीं पेटंट मागितलें नव्हतें. सरकारी प्रयोगशाळेंतील शोध असल्यामुळें तें मिळालें असतें तरी सरकारचेंच झालें असतें. महायुद्धांत त्यानें लॉस अलामॉस येथें अणुबाँबच्या उपकरणांवर काम केलें होतें, आणि युद्ध संपतांच अण्वस्त्रांना आळा घालण्यासाठीं शास्त्रज्ञांचा संघ उभारण्यांत तो पुढें होता. लोकांनीं आपली आठवण ठेवावी ती या कार्यासाठीं, अशी त्याची इच्छा होती. त्याचा खेळ १९५८ व १९५९ अशीं दोन वर्षें पाहुण्यांना दाखविण्यांत आला. नंतर तो सुटा करून त्याचे भाग प्रयोगशाळेच्या दुसऱ्या कामास लावले.